भूमितीच्या लायब्ररीत सममिती: मखराच्या जाळीपासून सुरुवात

जुलै उजाडला की लालबाग, परळ, दादर या पट्ट्यात लेझर कटिंगवाल्यांकडे मखरांच्या फायली येऊ लागतात. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, आणि एमडीएफच्या जाळ्यांना मागणी आली. मूर्तीमागची गोल प्रभावळ, तिच्यात आठ पाकळ्यांचं फूल, बाजूच्या खांबांवर वेल. स्क्रीनवर सगळं छान दिसतं. फाइल उघडून मोजायला गेलं की एक पाकळी अर्ध्या मिलिमीटरनं लांब, दुसरीचं टोक सरकलेलं, आणि दोन पाकळ्यांच्या मधे एकावर एक दोन रेघा, म्हणजे लेझर तिथून दोनदा जाणार आणि कडा काळी पडणार. डिझाइन करणाऱ्यानं एक पाकळी काढून बाकीच्या हातानं कॉपी-पेस्ट करून बसवलेल्या असतात, दुसरं काही नाही.

हे काम भूमितीच्या सॉफ्टवेअर लायब्ररीकडून नीट कसं करून घ्यायचं, ते इथे पायरीपायरीनं सांगतो. पायथन थोडंफार येत असेल आणि दहावीची भूमिती आठवत असेल तर पुरे. माझा आग्रह एकच आहे: सममिती हवी असेल तर पूर्ण आकृती काढून मग ती तपासत बसू नका. तिचा सर्वांत लहान तुकडा काढा, उरलेलं लायब्ररीला करू द्या. तपासणीची वेळ दुसऱ्याची फाइल हातात आली तरच यावी.

लागणाऱ्या गोष्टी थोड्याच. सपाट आकृत्यांसाठी शेपली ही पायथनची लायब्ररी. तिच्या पोटात जिऑस ही सी प्लस प्लस लायब्ररी चालते, आणि जिऑस हे जावातल्या जेटीएसचं रूपांतर. डीएक्सएफ, म्हणजे कटिंगसाठी येणाऱ्या रेखाचित्रांच्या फायली, वाचायला-लिहायला ईझेडीएक्सएफ. या दोन्ही पिपनं बसतात. पुढे सीगल आणि ट्रायमेश या भूमितीच्या आणखी दोन लायब्रऱ्यांचाही उल्लेख येईल, पण त्या आत्ताच बसवायची गरज नाही.

पायरी १: सममिती म्हणजे काय, ते कोडच्या भाषेत

तुम्ही डोळे मिटलेत, मी आकृती हलवली, आणि डोळे उघडल्यावर तुम्हाला काही कळलंच नाही, तर ती हालचाल म्हणजे त्या आकृतीची एक सममिती. म्हणजे 'ही आकृती सममित आहे का' हा प्रश्न कोडसाठी अर्धवट आहे. कोणत्या हालचालीखाली, कोणत्या बिंदूभोवती आणि किती फरक चालवून घेऊन, हे तिन्ही सांगितलं तरच लायब्ररी उत्तर देऊ शकते.

एका ठिकाणी संपणाऱ्या सपाट आकृतीला दोनच प्रकारच्या हालचाली लागू पडतात: एका बिंदूभोवती फिरवणं आणि एका रेषेत आरसा धरणं. आठ सारख्या पाकळ्या असतील आणि प्रत्येक पाकळी स्वतः मधोमध दुमडून जुळत असेल, तर ४५ अंशांच्या पटीत ८ वेळा फिरवता येतं (शून्य अंश धरून) आणि ८ आरसे बसतात. एकूण १६. सिमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत डायहेड्रल ग्रुप ८, म्हणजे अशा आठपाकळी आकृतीच्या सममितींचा संच, घेऊन त्याची ऑर्डर (त्यातल्या सममितींची संख्या) विचारली तर तीही १६ सांगते. पाकळ्या भोवऱ्यासारख्या एका बाजूला कललेल्या असतील तर आरसे जातात, ८ उरतात.

प्रत्येक हालचाल आकड्यांच्या एका चौकटीनं, म्हणजे मॅट्रिक्सनं, लिहिता येते, आणि ती पाहून दोन्ही हालचाली लगेच ओळखू येतात. फिरवण्याच्या मॅट्रिक्सचा निश्चयक अधिक १, आरशाच्या मॅट्रिक्सचा उणे १. हे चिन्ह लक्षात ठेवा, कारण पुढे बऱ्याच गडबडी या उणे १ मुळेच होतात.

आणखी एक कामाची गोष्ट. दोन आरसे एकमेकांशी २२.५ अंशांत धरले आणि आकृती एकातून मग दुसऱ्यातून काढली, की ती दुप्पट कोनातून, म्हणजे ४५ अंशांतून फिरते. त्यामुळे त्या १६ सममिती दोनच आरशांतून तयार होतात. तपासतानाही सोळा चाचण्या करायची गरज नसते. ४५ अंशांचं एक फिरवणं आणि एक आरसा जुळला की बाकीच्या आपोआप येतात.

पायरी २: केंद्र ठरवा, आणि शून्यावर आणा

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

शेपलीच्या अफिनिटी मॉड्यूलमध्ये रोटेट आणि स्केल ही फंक्शनं आहेत. दोन्हींचा ओरिजिन काही न सांगता 'सेंटर' असतो, आणि हे सेंटर म्हणजे आकृतीभोवतीच्या आडव्या-उभ्या चौकटीचा मध्य. आकृतीचा गुरुत्वमध्य हवा असेल तर 'सेंट्रॉइड' असं सांगावं लागतं. वर्तुळाला, चौरसाला हे दोन्ही एकच, म्हणून चूक दिसत नाही.

आता ६० मिमी बाजूचा समभुज त्रिकोण घ्या, पाया खाली आडवा. त्याची उंची ५१.९६ मिमी. चौकटीचा मध्य पायापासून २५.९८ वर, गुरुत्वमध्य १७.३२ वर. दोघांत ८.६६ मिमीचं अंतर. हा त्रिकोण ओरिजिन न सांगता १२० अंशांतून फिरवलात तर तो स्वतःवर बसायला हवा, पण तो बरोबर १५ मिमी सरकून बसतो. कागदावर करून पाहा: २ गुणिले ८.६६ गुणिले साइन ६०. कोणी म्हणालं की शेपलीत फिरवल्यावर आकृती पळते, तर बहुतेक वेळा मामला हाच असतो.

म्हणून सवय लावून घ्या: फाइल वाचल्यावर आधी गुरुत्वमध्य काढा, ट्रान्सलेटनं आकृती अशी सरकवा की तो शून्य-शून्यवर येईल, आणि यापुढे प्रत्येक रोटेटला, प्रत्येक स्केलला ओरिजिन शून्य-शून्य असं स्पष्ट लिहा. सगळं काम झालं की परत जागेवर सरकवा.

गुरुत्वमध्य म्हणजे क्षेत्रफळाचा. शिरोबिंदूंची सरासरी नको. जाळीच्या फायलीत गोलाईवर शेकडो बिंदू असतात आणि सरळ बाजूवर दोनच, त्यामुळे सरासरी गोलाईकडे ओढली जाते. शेपलीचा सेंट्रॉइड बहुभुजाकृतीसाठी क्षेत्रफळावरून काढलेला असतो आणि आतली भोकंही वजा करतो. तो वापरा.

पायरी ३: सर्वांत लहान तुकडा काढा

आपल्या फुलाच्या १६ सममिती आहेत, म्हणजे ३६० भागिले १६, २२.५ अंशांची एक फाक पुरेशी आहे. अर्धी पाकळी. तिची एक कड क्ष-अक्षावर ठेवा, दुसरी २२.५ अंशांच्या रेषेवर. नक्षीचं सगळं डोकं याच फाकेत चालवायचं. ग्राहकानं पाकळी थोडी बारीक करायला सांगितली तर बदलही इथेच, एकदाच.

मग क्रम असा. स्केल वापरून य-दिशेला उणे १ द्या, ओरिजिन शून्य-शून्य. क्ष-अक्षातला आरसा मिळाला, आणि फाक अधिक तिचं प्रतिबिंब मिळून ४५ अंशांची पूर्ण पाकळी झाली. ती ०, ४५, ९० असं करत ३१५ पर्यंत फिरवा. आठही प्रती मूळ पाकळीवरूनच काढा. एक फिरवून आलेली पुन्हा ४५ नं फिरवायची, ती पुन्हा, असं केलंत तर प्रत्येक वेळची बारीक चूक पुढच्या वेळी सोबत जाते.

आरसा तिरक्या अक्षात हवा असेल तर अफाइन ट्रान्सफॉर्म नावाचं फंक्शन आहे. अक्ष थीटा कोनात असेल तर त्याला द्यायचे चार आकडे असे: कोस दोन थीटा, साइन दोन थीटा, साइन दोन थीटा, उणे कोस दोन थीटा. आणि शेवटी सरकवण्याचे दोन शून्य. २२.५ अंशांच्या अक्षासाठी पहिले तीन ०.७०७१ आणि चौथा उणे ०.७०७१. चुकून एक थीटाच लिहिलं की आरसा भलत्याच रेषेत बसतो, पण निश्चयक उणे १ च राहतो, त्यामुळे लवकर लक्षात येत नाही.

आता तुकडे जोडायचे. यासाठी युनरी युनियन, म्हणजे सगळे तुकडे मिळून एकच आकृती करणारं शेपलीचं फंक्शन. तुकड्यांच्या कडा एकमेकींना नेमक्या भिडायला हव्यात, आणि गोम इथेच आहे. संगणकाचे दशांश आकडे १५ ते १७ अंकांपर्यंतच खरे. पायथनला कोस ६० अंश विचारा, तो ०.५००००००००००००००१ सांगतो. कोस ९० विचारलं तर शून्याऐवजी ६.१२ गुणिले दहाचा उणे १७ वा घात. (शेपलीचं रोटेट इतक्या बारीक आकड्याला स्वतःच शून्य करतं, म्हणून ९० अंशांना ते स्वच्छ वागतं. ४५ ला, ६० ला ही सोय नाही.) ३०० मिमी त्रिज्येवर ही चूक मिलिमीटरच्या तेराव्या-चौदाव्या दशांश स्थळावर येते. लेझरला तिचा पत्ताही लागणार नाही. पण युनियनला लागतो: शेजारच्या दोन पाकळ्यांची सामाईक कड केसभर वेगळी पडली की मधे एक अदृश्य चीर उरते, पाकळ्या जोडल्या जात नाहीत, आणि फायलीत त्याच जागी दोन रेघा जातात. त्या काळ्या कडेचं मूळ इथे आहे.

उपाय दोन आहेत. फाक कडेपलीकडे किंचित, समजा ०.०१ मिमी, वाढवून ठेवा म्हणजे तुकडे एकमेकांवर चढतील. किंवा युनियन करताना ग्रिड साइज ०.००१ द्या, म्हणजे सगळे बिंदू तेवढ्या बारीक चौकोनी जाळीवर बसवून मग जोडणी होते. ही सोय शेपली २ पासून आहे. मला दुसरा उपाय आवडतो, पण त्याची एक खोड माहीत हवी. चौकोनी जाळीची स्वतःची सममिती ९० अंशांची. ४५ किंवा ६० अंशांनी फिरवलेले बिंदू तिच्यावर बसवले की ते थोडे थोडे वेगवेगळ्या दिशांना सरकतात, फार तर ०.०००७ मिमी. कापायला काहीच फरक नाही. पण अशा आकृतीवर नंतर काटेकोर समानता तपासलीत तर उत्तर 'नाही' येईल. म्हणून जाळीवर बसवणं शेवटी, आणि एकदाच.

प्रभावळीची बाहेरची गोल कड काढताना तर आणखी मजा. शेपलीत खरं वर्तुळ नसतं. बिंदूला बफर मेथड (ठरावीक अंतरापर्यंत चहूबाजूंनी फुगवणारी) लावली की डीफॉल्टनं चतुर्थांशाला १६ तुकडे पडतात, म्हणजे ६४ बाजूंची आकृती मिळते. ६४ ला ८ नं भाग जातो, तेव्हा आपल्या फुलाला ती चालते. पण हीच प्रभावळ सहा पाकळ्यांची केली तर ६४ ला ६ नं भाग जात नाही, आणि ३०० मिमी त्रिज्येचं 'वर्तुळ' ६० अंशांनी फिरवल्यावर स्वतःवर न बसता सुमारे ०.३२ मिमी चुकतं. चतुर्थांशाला २४ तुकडे सांगा. ९६ ला ६ आणि ८ दोन्हींनी भाग जातो.

मधे कुठे 'मोरया' लिहायचं असेल तर अक्षरं या सगळ्या यंत्रणेच्या बाहेर ठेवा. आरशातून काढलेलं देवनागरी कोणालाच वाचता येत नाही, आणि गर्दीच्या दिवसांत हे कापून झाल्यावरच कळतं. अक्षरं युनियन झाल्यावर शेवटी घाला.

बाजूच्या दोन खांबांवरच्या वेली एकमेकींच्या आरसा असतात. त्यांच्यासाठी दोन फायली करण्याआधी एक विचारा: पृष्ठभागावर कोरीव काम किंवा छपाई आहे का? नुसतं आरपार कापायचं असेल तर एकच फाइल दोनदा कापा आणि एक तुकडा उलटा लावा.

पायरी ४: दुसऱ्याची फाइल आली तर

आधी साफसफाई. डीएक्सएफमध्ये एलडब्ल्यूपॉलिलाइन नावाची वस्तू असते, तिच्या प्रत्येक बिंदूला क्ष, य यांच्यासोबत 'बल्ज' हा आकडा असतो. पुढच्या बिंदूपर्यंत सरळ जायचं की कमानीनं, ते तो सांगतो. शून्य म्हणजे सरळ, १ म्हणजे अर्धवर्तुळ, चिन्ह म्हणजे कमान कोणत्या हातानं वळते. नुसते क्ष-य वाचलेत तर साऱ्या पाकळ्या चपट्या होतील. आणि बल्ज ठेवून आरसा धरायचा असेल तर त्याचं चिन्ह उलटवावं लागतं, नाहीतर फुगीर पाकळ्या आत दबतात. ईझेडीएक्सएफच्या पाथ मॉड्यूलनं वस्तूचा पाथ करून फ्लॅटनिंगला ०.०१ मिमी दिलंत की कमानी बारीक सरळ तुकड्यांत येतात आणि ही कटकट मिटते. फायलीचं एककही पाहून घ्या. इंचातली फाइल मिलिमीटर समजून वाचली की टॉलरन्सचे, म्हणजे किती फरक चालवून घ्यायचा त्याचे, सगळे आकडे निरर्थक होतात.

मग आकृती फिरवा किंवा आरशातून काढा, आणि मुळाशी ताडून बघा. ताडण्याच्या तीन पद्धती शेपलीत तयार आहेत.

इक्वल्स एक्झॅक्ट बिंदूला बिंदू लावून बघते, टॉलरन्सही घेते, पण तिला बिंदूंचा क्रम आणि सुरुवातही तीच लागते. फिरवल्यावर सुरुवातीचा बिंदू दुसरीकडे जातो, आरशात तर क्रमच उलटा होतो. दोन्ही आकृत्यांना आधी नॉर्मलाइझ लावलं तर काम होतं, तेही बिंदू सारखेच असतील तर. मी ही पद्धत फक्त स्वतः बनवलेल्या आकृतीवर वापरतो.

सिमेट्रिक डिफरन्स म्हणजे एकात आहे पण दुसऱ्यात नाही असा भाग. त्याच्या क्षेत्रफळाला मूळ क्षेत्रफळानं भागलं की एक सोपा आकडा मिळतो. शून्याच्या जवळ म्हणजे चांगलं. पण यावर एकट्यावर विसंबू नका. ३०० मिमी त्रिज्येची भरीव चकती घ्या, क्षेत्रफळ २,८२,७४३ चौरस मिमी. तिच्या कडेला कोणी चुकून ०.२ मिमी रुंद, ३० मिमी लांब काटा सोडला आहे. फिरवलेल्या प्रतीत तो दुसरीकडे जातो, म्हणून फरक दोन काट्यांचा, १२ चौरस मिमी. टक्केवारी ०.००४. 'जुळलं' म्हणून मोकळे व्हाल, आणि कापल्यावर तीन सेंटिमीटरचा काटा बाहेर आलेला असेल.

तो काटा हाउसडॉर्फ अंतरात सापडतो. एका आकृतीवरचा सगळ्यात बिचारा बिंदू दुसऱ्या आकृतीपासून किती लांब आहे, ते ही संख्या सांगते. आपल्या चकतीत ती जवळजवळ ३० येईल. एक खबरदारी: जिऑस हे अंतर शिरोबिंदूंवरच मोजतं, लांब सरळ बाजूच्या मधला फरक निसटू शकतो. डेन्सिफाय हा पर्याय दिला की मधेही बिंदू घेतले जातात.

टॉलरन्स किती ठेवायचा? लेझरच्या बीमची रुंदी, म्हणजे कर्फ, पातळ एमडीएफवर साधारण ०.१ ते ०.२ मिमी. तेव्हा हाउसडॉर्फ ०.०५ च्या आत असेल तर फाइल बिनधास्त पुढे पाठवा. दहाचा उणे ९ वा घात वगैरे मागण्यात अर्थ नाही.

आरशातून काढलेल्या आकृतीची कड उलट्या दिशेनं फिरते, हाही उणे १ चाच प्रताप. शेपलीचं क्षेत्रफळ नेहमी धनच येतं, त्यामुळे तिथे काही दिसत नाही. पण काही कटिंग सॉफ्टवेअर घड्याळाच्या दिशेनं जाणारी कड म्हणजे भोक असं धरतात, आणि कर्फची भरपाई उलट्या बाजूला करतात. ओरिएंट फंक्शन लावून दिशा सारख्या करून मगच फाइल लिहा.

पायरी ५: सममिती कोणती तेच माहीत नसेल तर

सगळे कोन एकेक अंशानं फिरवून बघण्याचा मोह होतो. करू नका. बहुभुजाकृतीसाठी यापेक्षा साधी आणि पक्की युक्ती आहे: कडेनं चालत जा आणि बाजूची लांबी, कोन, बाजूची लांबी, कोन अशी माळ लिहा. आकृती फिरवली तरी ही माळ तीच राहते, फक्त सुरुवात बदलते.

दिवाळीतल्या शंकरपाळीवर करून बघू. चारही बाजू सारख्या कापल्या असतील तर माळ अशी: ५, ६०, ५, १२०, ५, ६०, ५, १२०. चार घरं पुढे सरकवली की पुन्हा तीच माळ, म्हणजे अर्धा फेरा फिरवला की शंकरपाळी स्वतःवर बसते. आता उलटी वाचा: १२०, ५, ६०, ५, १२०, ५, ६०, ५. ही मूळ माळेतच सापडते, फक्त सुरुवात वेगळी. म्हणजे आरसाही आहे, दोन्ही कर्णांवर.

कातणं तिरकं गेलं आणि बाजू ५ आणि ३ झाल्या. माळ: ५, ६०, ३, १२०, ५, ६०, ३, १२०. चार घरांची सरकवण अजून जुळते. पण उलटी वाचली की ५ नंतर १२० येतं, आणि मूळ माळेत ५ नंतर कुठेच १२० नाही. आरसा गेला. समांतरभुज चौकोनाला कर्णावर दुमडता येतं असं बऱ्याच जणांना वाटत असतं, ते या आठ आकड्यांत निकालात निघतं.

कोडमध्ये: माळ दोनदा जोडून लिहा आणि तिच्यात मूळ माळ, मग उलटी माळ शोधा. काहीशे बिंदूंपर्यंत दोन लूप पुरतात. त्याहून मोठ्या आकृतीसाठी मजकुरात शब्द शोधण्याचा केएमपी अल्गोरिदम जसाच्या तसा चालतो, आणि वेळ बाजूंच्या संख्येच्या प्रमाणात लागतो. सममितीचा प्रश्न असा मजकूर शोधण्यावर आणायची कल्पना १९८५ साली अटाला यांनी आणि त्याच वर्षी वोल्टर, वू व वोल्झ यांनी मांडली. आकडे ताडताना मात्र ते गोल करून मग समान आहेत का पाहू नका. २.४९९ आणि २.५०१ वेगवेगळ्या बाजूंना गोल होतात. फरक टॉलरन्सपेक्षा कमी आहे का, तेवढंच विचारा.

सरळ बाजूच्या मधे एखादा फुकटचा बिंदू असेल तर माळेत १८० चा कोन येतो आणि सगळा हिशोब बिघडतो. सिम्प्लिफाय शून्य टॉलरन्सनं चालवा. काही आवृत्त्यांत सुरुवातीचा बिंदू त्यातूनही वाचतो, तो हातानं तपासा.

दुसरा मार्ग म्हणून मुख्य अक्ष काढायला बरेच जण सांगतात: आकृतीच्या पसरटपणाची मॅट्रिक्स घ्यायची, तिचे आयगेनव्हेक्टर (सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी पसरटपणाच्या दिशा) काढायचे; त्या दिशांचा पसरटपणा म्हणजे आयगेनव्हॅल्यू. आरसा असलाच तर तो मुख्य अक्षावर असतो, हे खरं. पण तीन किंवा अधिक वेळा फिरून जुळणाऱ्या कोणत्याही आकृतीत दोन्ही आयगेनव्हॅल्यू समान येतात आणि मग अक्ष कुठल्याही दिशेला दाखवला जातो. चौरसाला चार आरसे आहेत, ही पद्धत त्यांतला एकही न दाखवता भलतीच तिरकी रेषा देऊ शकते. नौका, पान, चेहरा अशा आकृत्यांना ती ठीक आहे. फुलांना नाही.

सुट्या ठिपक्यांसाठी सराव म्हणून '७ ते ४' ची ठिपक्यांची रांगोळी घ्या: मधे ७, दोन्ही बाजूंना ६, ५, ४, एकूण ३७ ठिपके. ओळींतलं अंतर ठिपक्यांतल्या अंतराच्या ०.८६६ पट ठेवा. सायपाय या पायथनच्या लायब्ररीतल्या केडी-ट्रीत (जवळचा बिंदू पटकन शोधून देणाऱ्या रचनेत) ठिपके भरा, ६० अंशांनी फिरवा, प्रत्येकाचा जवळचा शेजारी विचारा. सगळी अंतरं जवळजवळ शून्य येतील, कारण या मांडणीला १२ सममिती आहेत. आता ओळींतलं अंतर १ करा. ठिपके तेवढेच, पण १२ पैकी ४ च उरतात. अंगणात हातानं काढलेली रांगोळी बहुधा या दोघांच्या मधेच कुठेतरी असते, आणि तिथे टॉलरन्स सैल ठेवायला कोणाची हरकत नसावी.

पायरी ६: काटेकोर हवं असेल तर सीगल

सीगल १९९६ साली युरोपातल्या विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या प्रकल्पातून सुरू झाली. सी प्लस प्लसमध्ये आहे, आणि तिचं वैशिष्ट्य म्हणजे आकडे अपूर्णांकांत अचूक ठेवता येतात. नवख्याला वाटतं, मग सममितीचा प्रश्नच सुटला. तसं नाही. ६० अंशांत वर्गमूळ ३ येतं, ते कोणत्याही अपूर्णांकात बसत नाही.

म्हणून सीगलमध्ये फिरवण्याची रीत वेगळी आहे. तुम्ही दिशा सांगायची आणि साइन-कोसमध्ये किती फरक चालेल ते सांगायचं. ती ३/५ आणि ४/५ सारखी, वर्गांची बेरीज बरोबर १ येणारी जोडी शोधते. आकृतीची लांबी-रुंदी तंतोतंत तीच राहते, कोन मात्र किंचित वेगळा. ४५ अंशांच्या अशा आठ फिरवण्यांनंतर तुम्ही सुरुवातीच्या जागी येत नाही, जवळ येता. वर्गमूळं अचूक ठेवणारा कर्नल, म्हणजे आकडेमोडीचा गाभा, हाही सीगलमध्ये आहे, पण तो फार हळू चालतो. ९० अंश आणि अक्षांवरचे आरसे तेवढे फुकटात अचूक.

मखरासाठी सीगल नको. संशोधनाचं काम असेल, किंवा गुंतागुंतीच्या आकृतीत छेदबिंदू चुकून प्रोग्राम कोसळत असेल, तर जरूर.

नकाशा आणि त्रिमितीबद्दल थोडं

नकाशावरची आकृती घेऊन प्रयोग करायचा असेल तर आधी प्रोजेक्शन, म्हणजे अक्षांश-रेखांश सपाट पृष्ठावरच्या मीटरांत बदलणं. फोर्टमधल्या हॉर्निमन सर्कलची कड अक्षांश-रेखांशांत उतरवून घेतलीत तर ती गोल येणार नाही. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा, अक्षांशाचा सुमारे १११ चा, त्यामुळे अंशांत मोजलेलं वर्तुळ पूर्व-पश्चिम पाचेक टक्के फुगतं. जिओपांडाज या नकाशांच्या पायथन लायब्ररीत ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकाच्या प्रोजेक्शनला, म्हणजे यूटीएम या मीटरांत मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ व्या उत्तर विभागाला, बदलून मग मोजा.

त्रिमितीत ट्रायमेश सोपी. तिला मेशची, म्हणजे त्रिकोणांनी बनवलेल्या पृष्ठभागाची, सममिती विचारता येते, पण ती जडत्वावरून (वस्तुमान अक्षांभोवती कसं पसरलं आहे त्यावरून) अंदाज बांधते. मोदकाच्या साच्याच्या ११ सारख्या कळ्या असतील तरी ती 'रेडियल' म्हणेल, जणू तो गुळगुळीत शंकूच, आणि घनाला 'स्फेरिकल' म्हणेल. किती कळ्या ते तुम्हालाच फिरवून मोजावं लागतं. आरसा धरल्यावर त्रिकोणांची दिशा ट्रायमेश स्वतः उलटवून घेते. सीगलमध्ये मेशला ट्रान्सफॉर्म लावलं तर फक्त बिंदू हलतात, चेहऱ्यांची दिशा उलटवण्याचं फंक्शन वेगळं बोलवावं लागतं. ते विसरलं की थ्रीडी प्रिंटरच्या स्लायसरला, म्हणजे आकृतीचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरला, साचा आतून बाहेर दिसतो.

फाइल तयार झाली की ईझेडीएक्सएफनं लिहा, एकक मिलिमीटर असं नोंदवा, कापायच्या रेघा आणि कोरायच्या रेघा वेगळ्या लेयरवर ठेवा. कटिंगवाल्याला आधी पुठ्ठ्यावर एकच पाकळी कापून द्यायला सांगा आणि ती उलटी करून स्वतःवर ठेवून बघा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तो यासाठी वेळ देणार नाही, तेव्हा जुलैतच जा.